त्वचेवाटे गर्भविषाक्तता चाचणी
औद्योगिक द्रावक गर्भवती मादीच्या कातडीतून शिरून गर्भाला अपाय करते का, हे तपासणारी चाचणी. ओईसीडी (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४१४ क्रमांकाची मार्गदर्शिका (१९८१, सुधारित २००१, २०१८) यासाठी आधारभूत आहे. उंदीर किंवा सशाच्या मादीची पाठ भादरून तेथे द्रावक लावतात व जागा पट्टीने झाकतात. मादीने ते चाटता कामा नये. पोटात गेल्यास चाचणी त्वचेची राहतच नाही. प्रसूतीच्या आदल्या दिवशी गर्भ काढून तोलतात, ॲलिझरीनने हाडे लाल रंगवून बरगडी न् बरगडी पाहतात. २-मेथॉक्सिएथेनॉल हे ठळक, चिंताजनक उदाहरण : ते त्वचेतून सहज शोषले जाते आणि शरीरात त्यापासून तयार होणारे मेथॉक्सिॲसिटिक आम्ल गर्भात व्यंग निर्माण करते. अशा द्रावकाची केवळ हवेतील वाफ मोजून कामगार स्त्रीचे रक्षण होत नाही.