समुद्रपूर तालुक्यातले दगडी नारळ

मोटरहोम घेऊन अख्खा कोकण किनारा पालथा घालायचा, हे आमच्या पिढीचं सध्याचं लाडकं स्वप्न. चाकांवरचं घर, आतच शेगडी नि बिछाना, वाटेल तिथे मुक्काम. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आज मात्र मी तुम्हाला किनाऱ्यापासून बऱ्याच आत नेणार आहे, वर्धा जिल्ह्यातल्या गिरडला. तालुक्याचं नाव समुद्रपूर, पण इथून सुरतेचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेसहाशे किलोमीटर! तरीही गिरडच्या टेकडीवर नारळ सापडतात म्हणे. दगडाचे.

टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे जातात. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये इथली एक दंतकथा नोंदवलेली आहे. दोन बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली. बाबांनी त्यांचा सगळा माल, नारळ आणि इतर जिन्नस, दगड करून टाकला. दोघे गयावया करू लागले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून नवा माल करून दिला. ते इतके भारावले की मरेपर्यंत तिथेच सेवेला राहिले.

भूशास्त्राचं उत्तर वेगळं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या झाल्या, त्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजं साठली. वरचा खडक झिजला आणि गोळे मोकळे झाले. पटलं. पण गोल दगड बघून लोकांना बंजाऱ्याच्या गोणीतला नारळच का आठवला असेल? मला वाटतं, किनाऱ्याचा माल बैलांच्या पाठीवरून आत येतो हे इथल्या माणसांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं, म्हणून.

आता जरा या वाहतुकीची यंत्रणा बघू. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात एक तांडा भेटला. बैल १४,०००. बरोबर बायका-मुलांसकट सहा-सातशे माणसं, अख्खा संसार वाटेवरच. वेग दिवसाला सहा-सात मैल. त्याच शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो की हे लोक तंबूत राहतात, माल वाहण्याशिवाय दुसरा धंदा करत नाहीत. त्यांच्यातल्या चार गटांनी माल वाटून घेतलेला: एकाकडे धान्य, दुसऱ्याकडे तांदूळ, तिसऱ्याकडे डाळी आणि चौथ्याकडे मीठ. हे मीठ सुरतेहून, अगदी कन्याकुमारीकडूनही येई. 'लमाण' शब्दाची एक व्युत्पत्ती 'लवण' म्हणजे मीठ यावरूनच सांगतात. तांडा समोरून आला की गाड्यांना कधीकधी दोन-तीन दिवस थांबून राहावं लागे. ट्रॅफिक जॅमचं कौतुक आपल्यालाच नाही.

थोडा हिशोब करू, सवय जात नाही. बैलामागे दीडशे किलो धरले तर दहा हजार बैलांचे झाले १,५०० टन, म्हणजे आजच्या मालगाडीच्या साधारण पंचवीस वाघिणी. दिवसाला दहा किलोमीटर धरले तर सुरत ते गिरड दोन महिन्यांच्या वर. लेटन्सी भयंकर, बँडविड्थ जबरदस्त! आणि इंधन? वाटेवरचं गवत. बैल चरत चरत जाणार, म्हणून वेग कमी आणि म्हणूनच वाहतूक परवडणारी. १८०३ च्या दख्खनच्या युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेचं धान्यही बंजारेच वाहत होते.

मग एकेक दार बंद होत गेलं. मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी जकातीची सीमा आखली. १८७० च्या आसपास ती सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल लांब होती, बरीचशी काटेरी कुंपणाची, आणि पहाऱ्यावर बारा हजार माणसं. १८७९ मध्ये ती उठली, पण तोवर आगगाडी आली होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि दोन महिन्यांची वाट दोन-तीन दिवसांवर आली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव होऊ लागली. म्हणजे धंदा गेला आणि चराईही गेली.

तरी यात नवल नाही, नवं तंत्रज्ञान आलं की जुने धंदे बसतात, ते आपण आयटीवाले रोज बघतो. डाचतं ते पुढचं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला, पुढे तो देशभर पसरला आणि अनेक भागांत बंजारेही त्याच्या कचाट्यात सापडले. नोंदलेल्या जमातीत जन्मला तो जन्मतःच संशयित. पोलिसांकडे नोंद, हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. काल ज्यांच्या फिरण्यावर घरोघरचं मीठ अवलंबून होतं, त्यांचं फिरणंच गुन्हा ठरलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही 'विमुक्त जाती' या यादीत आहे. विमुक्त कशापासून, हे फारसं कुणी विचारत नाही.

गिरडच्या कथेतले दोघे बंजारे आपल्या खुशीने थांबले. नंतरच्या कित्येकांना थांबवलं गेलं, हातात काही न देता.

आता घर बरोबर घेऊन फिरायला सरकार धोरण करून प्रोत्साहन देतं. चांगलंच आहे, फिरा की. फक्त 'भटकं आयुष्य' हा शब्द आपल्याला इतका रोमँटिक वाटतो, तो दुसऱ्या कुणाच्या तरी नोंदवहीत आरोप म्हणून लिहिला गेला होता, एवढं ध्यानात असू द्यावं.