दुष्काळाची आणेवारी

मंडळी, वडवणीत येऊन दुष्काळ म्हणजे काय ते सांगायचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. तो मोजायचा कसा, एवढ्याच प्रश्नाचा इतिहास आज पाहू.

आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. आमच्याकडे युबुलिडीस नावाच्या ग्रीकाचं जुनं कोडं आहे. खळ्यावर ज्वारीची रास आहे. एकेक दाणा उचलत गेलो, तर रास कुठल्या दाण्याला संपली? तो दाणा कुणालाच दाखवता येत नाही. दुष्काळाचंही तसंच आहे.

जुन्या महसुली व्यवहाराला हे ठाऊक होतं. पूर्ण पीक सोळा आणे, तर यंदाचं किती? आठ आणे, सहा आणे. ही आणेवारी. १९५७ साली दशमान नाणी आली, तिची पैसेवारी झाली. पुढे १९६५ मध्ये बर्कलीच्या लोत्फी झादे यांनी ‘फझी सेट’ मांडले. गोष्ट नुसती ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नसते, शून्य आणि एक यांच्या मध्ये ती कमी-जास्त असते. आपल्या भाषेत, तर्कशास्त्रालाच आणेवारी आली!

पण कचेरीला शेवटी रेघ ओढावी लागते. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब होई. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच आकड्यावरून पेटला. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर, शेतकरी म्हणत खाली.

आता २०२३ पाहा. पाऊस, पावसातला खंड, पेरा, उपग्रहाला दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल असं सगळं तपासून ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बीडमधले वडवणी, धारूर, अंबाजोगाई त्यात होते. नोव्हेंबरात आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. निकष असा, की जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरच्या आत हवा. म्हणजे ७४ टक्क्यांच्या मंडळात कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी माफ. शेजारच्या ७६ टक्क्यांत यातलं काही नाही. मधे फक्त एक बांध.

शिवाय चार महिन्यांच्या बेरजेत वेळ हरवते. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता. सप्टेंबरच्या पावसानं बेरीज सुधारते, ऑगस्टात फुलं गळालेलं सोयाबीन सुधारत नाही.

इथे झाद्यांची रीत कामी येते. समजा, एका शिवारात कोरडेपणा ०.८ आहे आणि पीक फुलोऱ्यात असण्याची मात्रा ०.९. ‘दोन्ही एकदम’ याची मात्रा म्हणजे त्यातली लहान, ०.८. तोच कोरडेपणा काढणीच्या वेळी आला, फुलोरा ०.१, तर धोकाही ०.१. जागा आणि वेळ अशी एकत्र बसते. रेघ ओढायचीच तर ती शेवटी, आधी नाही.

मात्र या मात्रा आकाशातून पडत नाहीत, माणसं ठरवतात. ते ठरवताना वडवणीचा शेतकरी शेजारी बसलेला हवा. आणि एक साधा प्रश्न आम्ही इथंच ठेवतो. नुकसान जर आण्यांनी मोजता येतं, तर मदत सोळा आणे किंवा शून्य अशीच का?