खड्गविद्येच्या इतिहासाचीं साधनें व दात्यांचे संग्रह

१. इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे पत्रें, सनदा, ताम्रपट, शिलालेख, नाणीं व बखरी यांची आठवण प्रथम होते. त्यांच्या मागोमाग शस्त्रें, वस्त्रें, चित्रें व भांडीं येतात. परंतु कांहीं विद्या अशा आहेत कीं, त्यांचें अधिष्ठान मनुष्याचें शरीर हेंच होय. गायकाचा कंठ, मल्लाचें अंग व खड्गधराचा हात हे त्या त्या मनुष्याबरोबरच नाहींसे होतात. तलवार चारशें वर्षें टिकते. ती कशी फिरवीत हें मात्र ती एकटी सांगत नाहीं. मग अशा विद्येचा इतिहास कशावरून लिहावयाचा? युरोपखंडांत या प्रश्नाचें उत्तर बऱ्याच अंशीं मिळालें आहे, व तें मिळण्यास राजांच्या शस्त्रागारांइतकेच खासगी संग्राहकांनीं सार्वजनिक संस्थांच्या स्वाधीन केलेले संग्रह कारणीभूत झाले आहेत. तो वृत्तांत येथें थोडक्यांत देऊन, त्यापासून आपल्या इकडील संग्राहकांनीं काय घ्यावें, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२. प्रथम घरची स्थिति पाहूं. अग्निपुराणांतील धनुर्वेदाच्या अध्यायांत ढाल-तलवारीच्या बत्तीस कृति सांगितल्या आहेत. भ्रान्त, उद्भ्रान्त, आविद्ध, आप्लुत, विप्लुत इत्यादि त्यांचीं नांवें होत. यांपैकीं कित्येक नांवें महाभारताच्या द्रोणपर्वांत धृष्टद्युम्नाच्या खड्गयुद्धाच्या वर्णनांतहि येतात. संस्कृतज्ञास या शब्दांचा धात्वर्थ लावणें अवघड नाहीं. भ्रान्त म्हणजे गरगर फिरविलेलें, उद्भ्रान्त म्हणजे तेंच उंच नेऊन फिरविलेलें, इतकें व्याकरण सांगतें. परंतु त्या वेळीं पाय कोठें असे, ढाल छातीपाशीं असे कीं पुढें केलेली असे, आणि एका कृतींतून दुसरींत कसें शिरावयाचें, हें व्याकरण सांगूं शकत नाहीं. नांवें उरलीं, कृति गेल्या. शब्दास चित्राची जोड मिळाली असती, किंवा एखाद्या वस्तादानें आपल्या शिष्याकरितां केलेलें टांचण हातीं लागलें असतें, तर हे बत्तीस शब्द आज बोलके झाले असते.

मराठी भाषेनें या विद्येची एक खूण मात्र आपल्या पोटांत जतन केली आहे. पटा खेळणारा तो पटाईत. आज हिशेबांत, वक्तृत्वांत किंवा थापा मारण्यांत जो निष्णात असेल त्यास आपण पटाईत म्हणतों, आणि त्या शब्दामागें लोखंडी हातमोजांत कोपरापर्यंत गुंतलेला एक हात उभा आहे, हें विसरून जातों.

३. आतां युरोपांतील एक उदाहरण घेऊं. इंग्लंडांत लीड्स येथें राजकीय शस्त्रसंग्रहालय आहे. तेथें ‘आय ३३’ या क्रमांकाची एक हस्तलिखित पोथी आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ही पोथी खड्गविद्येवरील युरोपांतील आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी सचित्र पोथी समजली जाते. पत्रें बत्तीस. विषय, तलवार व लहान वाटोळी ढाल यांचें युद्ध. आचार्य एक धर्मोपदेशक असून समोर त्याचा शिष्य आहे. शेवटीं शेवटीं शिष्याच्या जागीं वाल्पुर्गिस नांवाची एक स्त्री ढाल-तलवार घेऊन उभी राहते. ग्रंथाची रचना आपल्या शास्त्रग्रंथांच्या अभ्यासकास परकी वाटणार नाहीं. पाठांतरास सोपे असे लॅटिन श्लोक, त्यांखालीं गद्य वृत्ति, आणि प्रत्येक प्रसंगाचें चित्र, अशी ती आहे. आरंभीं सात पवित्रे सांगून पुढें प्रत्येक पवित्र्यास उत्तर म्हणून कोणता पवित्रा घ्यावा, तें क्रमानें सांगितलें आहे. भाषा लॅटिन खरी. पण जेथें तालमींतला नेमका शब्द हवा तेथें ग्रंथकारानें ‘हाल्पशिल्ट’, म्हणजे अर्धी ढाल, यासारखे जर्मन देशी शब्द जसेच्या तसे ठेविले आहेत. जाणता लेखक धंद्याच्या शब्दाचें भाषांतर करीत नाहीं, याचा हा उत्तम दाखला होय.

या पोथीचा प्रवास मात्र मोठा बिकट झाला. सोळाव्या शतकांत ती फ्रँकोनिया प्रांतांतील एका मठांतून बाहेर पडली. पुढें गोथा येथील सरदारी ग्रंथसंग्रहांत विसावली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत तेथून नाहींशी झाली, आणि इ. स. १९५० मध्यें लंडनच्या लिलावांत प्रकट झाली. तेव्हां ती लंडनच्या किल्ल्यांतील शस्त्रसंग्रहानें विकत घेतली. त्या दिवशीं ती एखाद्या निनांवी धनिकाच्या तिजोरींत गेली असती तर अभ्यासकांस ती पुन्हां कधीं दिसली असती, हें कोणी सांगावें? फियोरे देइ लिबेरी या इटालियन आचार्याच्या ग्रंथाची एक प्रत अशीच खासगी संग्रहांत आहे. फ्रांचेस्को नोवाती यानें इ. स. १९०२ मध्यें तिची छायाप्रत छापून काढली नसती, तर त्या प्रतीचा अभ्यासकांस कांहींच उपयोग झाला नसता. खासगी मालकी दोषास्पद नाहीं. परंतु मालकानें दार तरी उघडावें किंवा प्रत तरी काढूं द्यावी. दोन्ही बंद ठेवल्यास पोथी असून नसल्यासारखी होते.

४. संग्राहकाच्या दानानें पोथी वांचते, पण वांचलेली पोथी वाचणारा निराळा लागतो. जॉर्ज सिल्व्हर या इंग्रज गृहस्थानें इ. स. १५९९ मध्यें एक ग्रंथ छापून इटालियन पद्धतीच्या लांब भोंसक तलवारीवर कडक टीका केली व आपल्या देशी तलवारीचा पक्ष घेतला. त्या ग्रंथास पुरवणी म्हणून त्यानें प्रत्यक्ष शिक्षणाच्या सूचना लिहिल्या, त्या मात्र छापल्या गेल्या नाहींत. त्यांची हस्तलिखित प्रत सर हॅन्स स्लोन याच्या अफाट संग्रहांत येऊन पडली. स्लोन इ. स. १७५३ मध्यें वारला. त्याच्या मृत्युपत्रान्वयें वीस हजार पौंड वारसांस देऊन राष्ट्रानें तो संग्रह घेतला, व त्यांतून ब्रिटिश म्यूझियम जन्मास आलें. संग्रहाच्या योग्यतेच्या मानानें ही रक्कम अल्प होती. म्हणून हा व्यवहार अर्धें दानच म्हटला पाहिजे. सिल्व्हरची पोथी तेथें सुरक्षित राहिली, आणि इ. स. १८९८ मध्यें कॅप्टन सिरिल मॅथी यानें ती मूळ ग्रंथासह छापून प्रसिद्ध केली. टीका जगास ठाऊक होती. टीकाकार स्वतः काय शिकवीत होता तें तीनशें वर्षांनीं कळलें. याच १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, हा योगायोग आमच्या वाचकांस स्मरणीय वाटेल.

५. मॅथीचा स्नेही व या क्षेत्रांतील अग्रणी कॅप्टन आल्फ्रेड हटन याचा हिंदुस्थानाशीं प्रत्यक्ष संबंध आहे. तो हायलंडर पलटणींत अधिकारी असतां हिंदुस्थानांत आला, व वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यानें पलटणींत खड्गक्रीडेचें मंडळ काढलें. त्या मंडळाकरितां लिहिलेली त्याची पहिली लहानशी पुस्तिका इ. स. १८६२ मध्यें सिमल्यास छापली गेली. पुढें १८७३ मध्यें नोकरी सोडल्यावर त्यानें सर्व आयुष्य या एका विषयास वाहिलें. सोळाव्या ते अठराव्या शतकांतील आचार्यांचे ग्रंथ त्यानें जमविले. पण केवळ कपाटांत लावून ठेविले नाहींत. ग्रंथ उघडा ठेवून हातांत तलवार घ्यावी, चित्रांतील पवित्रा उभा करून पाहावा, जमला नाहीं तर वाक्य पुन्हां वाचावें, अशी त्याची रीति होती. एगर्टन कॅसल यानें इ. स. १८८५ मध्यें खड्गाचार्यांच्या परंपरांचा इतिहास लिहिला होता. त्याच्या साहाय्यानें हटननें जुन्या पद्धतींचे प्रयोग लोकांसमोर करून दाखविले, आणि १८९२ मध्यें जुन्या खड्गक्रीडेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

हटन इ. स. १९१० च्या डिसेंबरांत वारला. त्यानें खड्गविद्या व द्वंद्वयुद्ध या विषयांवरील आपला ग्रंथसंग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियमास मृत्युपत्रानें दिला. असे ग्रंथ एकेक करून बाजारांत गेले असते तर चित्रांच्या लोभानें कित्येकांचीं पानें फाडून चौकटींत बसविलीं गेलीं असतीं. एकत्र राहिल्यानें एका आचार्याचें चित्र दुसऱ्याच्या चित्राशीं ताडून पाहतां येतें. संग्रहाचा खरा गुण त्यांतील एखाद्या दुर्मिळ प्रतींत नसून या ताडून पाहण्याच्या सोयींत आहे, असें आम्ही समजतों.

६. दुसरें दान याहूनहि हृद्य आहे. बेल्जममधील लूवेन विद्यापीठाचें ग्रंथालय इ. स. १९१४ च्या ऑगस्टांत जर्मन सैन्यानें जाळलें. लोकांच्या वर्गणीनें तें पुन्हां उभें राहिलें, तों १९४० च्या मे महिन्यांत तें पुन्हां जळालें व सुमारें नऊ लक्ष ग्रंथ भस्मसात झाले. आर्चिबॉल्ड कॉर्बल हा इंग्रज गृहस्थ सेबर तलवारीचा नामांकित खेळाडू होता. १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत तो आपल्या देशाकडून उतरला होता. त्यानें खड्गविद्येवरील सुमारें दोन हजार ग्रंथ, चित्रें व कागद जमविले होते. तो १९४४ मध्यें वारला, आणि त्याच्या इच्छेनुसार हा सर्व संग्रह त्या दग्ध ग्रंथालयास मिळाला. आपल्याच देशांत संग्रहास मानाचें स्थान मिळालें असतें. तें सोडून ज्याचीं कपाटें रिकामीं झालीं त्यास द्यावें, ही बुद्धि विरळ होय. कॉर्बल-संग्रह आज लूवेन येथें या विषयाच्या अभ्यासकांचें एक तीर्थक्षेत्र झाला आहे.

७. आतां केवळ ग्रंथ पुरे काय? नाहीं. एक साधी वस्तु घेऊं. अठराव्या शतकांतील फ्रेंच शाळांतून शिक्षणाची तलवार हलकी व टोंकास बोंडी बसविलेली असे. तरी डोळ्यास इजा होण्याची धास्ती राहीच. म्हणून एकाचा वार संपल्यावरच दुसऱ्यानें उत्तर द्यावें, असा शिष्टाचार पडला होता. त्या शतकाच्या उत्तरार्धांत तारेच्या जाळीचा मुखवटा प्रचारांत आला. ला बोएसिएर या पॅरिसच्या आचार्याचें नांव त्याशीं जोडलें जातें. मुखवटा आल्यावर वार-प्रतिवारांची लांब मालिका निर्धास्तपणें खेळतां येऊं लागली. ग्रंथांतून एकाएकीं वाढलेला वेग वाचकास बुचकळ्यांत पाडतो. संग्रहालयांतील गंजकी जाळी पाहिली म्हणजे उलगडा होतो. उलटपक्षीं, ग्रंथ नसता तर ती जाळी कोणीं मधमाशा धरण्याची म्हटली असती.

यावरून एक गोष्ट निघते. युद्धांतील मूल्यवान शस्त्र लोक जपतात. शिक्षणाचें शस्त्र झिजलें कीं सरपणांत किंवा भंगारांत जातें. वास्तविक विद्येचा इतिहास दुसऱ्यांतच अधिक असतो. मूठ कोठें झिजली, लाकडावर घाव कोणत्या बाजूस पडले, चामडें कोठें दुमडलें, हें हाताचें हस्ताक्षरच होय.

८. हाच न्याय आपल्याकडे लावून पाहावा. महाराष्ट्रांतील संग्रहांत फिरंगी पात्याच्या तलवारी व पटे पुष्कळ आहेत. फिरंग या नांवांतच पातें समुद्रापलीकडून आल्याची नोंद आहे. पट्याची मूठ पाहिली तर हात खोबणींत कोंडलेला, त्यामुळें मनगट वळण्यास वाव नाहीं. अर्थात् पात्याचीं वर्तुळें खांदा, कंबर व पाय यांच्या बळावर काढावीं लागतात, इतकें अनुमान वस्तूवरून निघतें. परंतु फरी-गदगा, बोथाटी, बनेटी हीं तालमींतील साधनें किती संग्रहांत आहेत? चामड्याची फरी व काठीचा गदगा यांस कोणी किंमत देत नाहीं, म्हणून तीं कोणी ठेवीतहि नाहीं. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनीं इ. स. १९३६ पासून दहा खंडांत ‘व्यायाम-ज्ञानकोश’ प्रसिद्ध करून या खेळांचीं वर्णनें सचित्र जतन केलीं नसतीं, तर अग्निपुराणांतील बत्तीस नांवांची जी गत झाली तीच यांचीहि झाली असती. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, दारें अशा घरगुती वस्तु शस्त्रांइतक्याच आदरानें जमवून आपल्या दिवंगत पुत्राच्या नांवें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. सामान्य वस्तूस असामान्य मान देण्याचा हा कित्ता शस्त्रसंग्राहकांनीं गिरवावा.

९. शेवटीं संग्राहकांस आमच्या कांहीं सूचना आहेत. पहिली, जुन्या घरांतून तलवार घेतांना ती कोणाच्या हातून कोणाकडे आली, हें त्याच दिवशीं लिहून घ्यावें. पातें दहा पिढ्या राहतें, सांगणारा एकच पिढी असतो. दुसरी, तलवारीबरोबर फाटका पट्टा, मोडकी मूठ, तालमीचें वहीखातें, बक्षिसाचा कागद जें असेल तें एकत्र ठेवावें. निवड करणें हें आपलें काम नव्हे, तें पुढच्या अभ्यासकाचें होय. तिसरी, गंज काढण्यासाठीं पातें घासूं नये. घासतांना अक्षरें व कारागिराच्या खुणा प्रथम जातात. चौथी, वस्ताद हयात असतील तेथें त्यांच्या तोंडचीं पवित्र्यांचीं व वारांचीं नांवें जशींच्या तशीं टिपावीं, शुद्ध करूं नयेत, व प्रत्येक नांवाबरोबर कृतीचें चित्र घ्यावें. पांचवी, आपल्या पश्चात् संग्रह कोणत्या संस्थेस जावा हें आजच ठरवून लिहून ठेवावें, व तो न फोडतां ठेवण्याची अट घालावी. हटन व कॉर्बल यांनीं जमविण्यांत जेवढी दूरदृष्टि दाखविली त्याहून अधिक देण्यांत दाखविली. अशा संग्रहांच्या याद्या, मग त्यांत एकच फरी व दोनच कागद कां असेनात, आमच्या वाचकांनीं तयार करून प्रसिद्धीसाठीं पाठवाव्या, अशी विनंती करून हा लेख संपवितों.