नावाची राखण : चॅटच्या जाळ्यांवरील संरक्षित टोपणनावे आणि लेखकत्वाचा प्रश्न

१

साहित्यकृतीवर छापलेले लेखकाचे नाव हे संहितेच्या वाचनाची एक अट असते, हा विचार मराठी समीक्षेला आता अपरिचित राहिलेला नाही. मिशेल फूको यांनी १९६९ साली पॅरिस येथे दिलेल्या लेखकविषयक व्याख्यानात असे दाखवून दिले, की लेखकाचे नाव इतर विशेषनामांप्रमाणे केवळ एका व्यक्तीचा निर्देश करून थांबत नाही. काही संहितांना ते एकत्र आणते, काहींना वगळते आणि त्या साऱ्यांच्या प्रसाराची एक रीत ठरवून देते. याक देरिदा यांनी १९७१ साली सहीच्या संदर्भात दुसरा मुद्दा मांडला : पुन्हा करता येते तीच सही, आणि जे पुन्हा करता येते त्याची नक्कलही करता येते.

या दोन्ही विवेचनांच्या कडेला एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो. नावाची दैनंदिन राखण कोण करते आणि कोणत्या साधनांनी करते? ग्रंथव्यवहारात संपादक, प्रकाशक, ग्रंथालयाची नोंदवही आणि कायदा यांनी मिळून ही राखण केलेली असते. ही व्यवस्था इतक्या दीर्घ काळात आणि इतक्या नकळत उभी राहिली, की तिची जडणघडण सुटी करून पाहणे अवघड जाते. संगणकाच्या जाळ्यांवरील गप्पांच्या जगात हीच व्यवस्था जेमतेम सात-आठ वर्षांत, जवळजवळ शून्यापासून उभी राहिली. म्हणून तिचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगा आहे.

२

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये 'इंटरनेट रिले चॅट', म्हणजे आयआरसी, ही व्यवस्था तयार केली. अनेक सर्व्हर एकमेकांना जोडलेले असावेत, त्यांपैकी कोणत्याही एकाला जोडून घेणाऱ्याने टंकलेली ओळ त्याच क्षणी इतर सर्वांना दिसावी, अशी तिची रचना होती. मे १९९३ मध्ये ओइकारिनेन आणि डॅरन रीड यांच्या नावे आरएफसी १४५९ या दस्तऐवजात तिचे नियम प्रसिद्ध झाले. साहित्याच्या अभ्यासकाने हा दस्तऐवज नावाविषयीची एक संहिता म्हणून वाचावा. जाळ्यावरील प्रत्येकाचे टोपणनाव अनन्य असले पाहिजे, असे तो सांगतो. त्या नावाची लांबी नऊ वर्णांपर्यंत मर्यादित आहे. नाव रोमन अक्षराने सुरू व्हावे. पुढे अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे चालतील. महिरपी कंस हे चौकोनी कंसांचे 'लहान' रूप मानावे, असाही एक चमत्कारिक नियम त्यात आहे आणि त्याचे कारण व्यवस्थेचा स्कँडिनेव्हियन उगम असे दिलेले आहे. तिकडील संगणकांवर त्या चिन्हांच्या जागी तेथील भाषांची जादा अक्षरे बसवलेली असत. एका भाषेची वर्णमाला अशा रीतीने जगभरच्या नावांच्या व्याकरणात कायमची शिरली.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सार्वजनिक वापरासाठी खुले केले. त्यानंतर येथून या जाळ्यांवर जाणाऱ्या मराठी माणसाला देवनागरीत नाव घेण्याची सोय या नियमांत नव्हती. 'ज्ञानेश्वर' हे नाव प्रचलित रोमन वळणाने लिहिल्यास त्याला अकरा अक्षरे लागतात. नऊ वर्णांच्या जाळ्यावर त्याची शेवटची दोन अक्षरे गळत. टोपणनाव हे स्वेच्छेने घेतलेले नाव, ही आपली समजूत येथे काहीशी तपासून घ्यावी लागते. त्या स्वेच्छेच्या आधी लिपीची आणि लांबीची निवड दुसऱ्याने केलेली असते.

३

नाव अनन्य असावे, हे नियमाने सांगितले. ते कोणाचे, हे सांगितले नाही. जोडणी चालू असेपर्यंत नाव वापरणाऱ्याचे. जोडणी तुटली की ते मोकळे. पुढच्या क्षणी कोणीही ते घ्यावे. एसटीच्या गाडीत रुमाल टाकून धरलेल्या जागेइतकेही स्थैर्य त्याला नव्हते, कारण रुमाल टाकून ठेवण्याचीदेखील सोय नव्हती. यातून निर्माण होणाऱ्या पेचावर नियमाने योजलेला उपाय तर अधिकच बोलका आहे. सर्व्हरांमधील दुवा तुटून जाळ्याचे दोन तुकडे झाले, तर दोन्हीकडे एकच नाव दोघांना घेता येई. तुकडे पुन्हा जुळताना नावाची टक्कर होई आणि अशा वेळी त्या नावाच्या सर्व धारकांना जाळ्यावरून काढून टाकावे, असा नियम होता. खरा कोण आणि खोटा कोण, हे ठरवण्याचे साधनच यंत्राजवळ नव्हते. अर्थात याचा गैरफायदा घेतला गेला. तुटलेल्या तुकड्यावर जाऊन दुसऱ्याचे नाव घ्यायचे आणि जोडणी पूर्ववत होण्याची वाट पाहायची, ही त्या काळची परिचित युक्ती. पुढे काही जाळ्यांनी प्रत्येक नावाला वेळेची नोंद जोडली आणि आधी घेणाऱ्याचे नाव टिकेल असे ठरवले. येथे प्रथमच नावाला अल्पसा भूतकाळ लाभला.

हा केवळ करमणुकीतला तंटा होता असे मानण्याचे कारण नाही. १९९१ च्या आखाती युद्धात आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्को येथे झालेल्या सत्तापालटाच्या प्रयत्नात या जाळ्यावरून घटनास्थळाजवळच्या लोकांची वृत्ते जगभर वाचली गेली. कालपासून बातमी देणारे नाव आज त्याच माणसाचे आहे काय, हा प्रश्न तेथे वृत्ताच्या विश्वसनीयतेचाच प्रश्न होता. एलिझाबेथ रीड यांनी १९९१ साली मेलबर्न विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधिकेत आणि हाया बेखार-इस्राएली यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या टोपणनावांच्या अभ्यासात एक गोष्ट स्पष्टपणे पुढे येते : नाव क्षणोक्षणी बदलण्याची पूर्ण मुभा असताना लोक आपले नाव सांभाळून ठेवीत. मुखवट्याचा मुक्त खेळ म्हणून ज्या माध्यमाचे वर्णन झाले, त्यातील माणसे एकाच मुखवट्याला धरून राहत होती.

४

या गरजेला पहिले उत्तर जर्मनीतून मिळाले. तेथे 'निकसर्व्ह' नावाची एक नोंदणीसेवा चालवली जात असे. नोंदवलेले नाव दुसऱ्या कोणी घेतल्यास ते सोडावे, अशी सूचना ही सेवा त्याला करी. यापलीकडे तिच्या हाती काही नव्हते. १९९४ च्या वसंत ऋतूत ती बंद पडली. नवागतांसाठी प्रसृत होणाऱ्या त्या वेळच्या प्रश्नोत्तरांत हे सांगताना, टोपणनावांवर कोणाची मालकी नसते, याचीही आठवण करून दिलेली आढळते. ईएफनेट आणि आयआरसीनेट या जुन्या परंपरेच्या जाळ्यांनी पुढेही नावांची नोंदणी स्वीकारली नाही.

वेगळी भूमिका घेतली ती जुलै १९९४ मध्ये निघालेल्या डालनेटने. या जाळ्याचे नाव त्याच्या पहिल्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाच्या 'डालवेंजा' या टोपणनावावरून पडले; आणि ते टोपणनाव थोरारिन गुन्नारसन यांच्या अद्भुत कादंबरीतील एका ड्रॅगनचे होते. कल्पितातले नाव एका माणसाने घेतले, माणसाचे जाळ्याने. आणि नावांच्या मालकीची व्यवस्था याच जाळ्याने रूढ केली, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. डालनेटच्या निकसर्व्हची कार्यपद्धती अशी : नाव घेऊन परवलीचा शब्द ठरवायचा आणि नोंदणी करायची. पुढे प्रत्येक वेळी आल्यावर निकसर्व्हला तो शब्द खाजगीत सांगून ओळख पटवायची. संरक्षण चालू केलेल्या नावावर कोणी ओळख न पटवता बसला, तर त्याला साधारणतः मिनिटभराची मुदत मिळे. त्यानंतर त्याचे नाव बदलले जाई किंवा त्याची जोडणी तोडली जाई. तुटलेल्या जोडणीमुळे आपलेच नाव जाळ्यावर अडकून राहिले, तर ते हटवण्याची वेगळी आज्ञा होती. त्या अडकलेल्या नावाला 'भूत' म्हणत.

या व्यवस्थेतील एक बारकावा सिद्धान्ताच्या दृष्टीने मोलाचा आहे. निकसर्व्ह हेदेखील जाळ्यावरचे एक टोपणनावच होते. रखवालदाराचे नाव घेऊन कोणी दुसराच बसला, तर परवलीचे शब्द त्याच्या हाती जाणार. म्हणून डालनेटने निकसर्व्हच्या नावापुढे सेवा-सर्व्हरचा पूर्ण पत्ता जोडून संदेश पाठवण्याची पद्धत घालून दिली. नावाची हमी देणाऱ्याच्या नावाची हमी कोणी द्यायची, हा प्रश्न एक पायरी मागे ढकलला गेला, सुटला नाही.

५

येथे आपल्या परंपरेतील नाममुद्रेची आठवण होणे स्वाभाविक आहे. अभंगाच्या अखेरीस येणारी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' ही मुद्रा कोणालाही उच्चारता येणारी होती. तिच्यावर कुलूप नव्हते. परिणामी नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या. तुकारामांच्या नावावरील अभंगांपैकी प्रक्षिप्त कोणते, याचा निवाडा भाषा, छंद, हस्तलिखितांची परंपरा आणि वारकऱ्यांचे पाठांतर यांच्या आधारे करावा लागला. नाव खरे की खोटे, हे संहिता वाचून ठरवावे लागे. प्रारंभीच्या आयआरसीवरही असेच घडत होते. बोलण्याची ढब, चुकांची सवय, विनोदाची जात आणि सर्व्हर दाखवीत असलेला संगणकाचा पत्ता यांवरून लोक परस्परांना ओळखत. ओळख हा वाचनाचा व्यापार होता, आणि म्हणून चुकण्याचा संभव त्यात कायम होता.

निकसर्व्हने ओळखीच्या जागी पुरावा आणला. शब्द जुळला की नाव तुमचे. तुम्ही काय बोलता, कसे बोलता, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. परंतु हा पुरावा नेमका कशाचा? नाव नोंदवताना जो शब्द दिला गेला तो आता बोलणाऱ्याला ठाऊक आहे, एवढाच. एकाच्या नावावर दोन मित्र आळीपाळीने बोलू शकतात; नाव विकताही येते. व्यक्तीची ओळख न देता नावाचे सातत्य मात्र जपले जाते. टोपणनावाने लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. खरे नाव प्रकट न करता टोपणनावाची प्रतिष्ठा जमवणे आणि राखणे त्याला शक्य झाले. पुढे लिबेरासारख्या जाळ्यांवर खाते आणि टोपणनाव वेगळे झाले, एका खात्याशी अनेक नावे जोडता येऊ लागली आणि जोडणी पूर्ण होण्यापूर्वीच ओळख पटवण्याची सोय झाली. फूको ज्याला लेखकाचे कार्य म्हणतात, त्याचा एक भाग असा वाचकाच्या हातून निघून नोंदवहीकडे गेला.

६

या हस्तांतराची किंमत जून २०२१ मध्ये दिसून आली. मुक्त संगणकप्रणालींवर काम करणाऱ्यांचे फ्रीनोड हे मोठे जाळे मालकीच्या वादात सापडले. त्याचे स्वयंसेवक व्यवस्थापक मे महिन्यात बाहेर पडले आणि १९ मे रोजी त्यांनी लिबेरा चॅट हे नवे जाळे सुरू केले. पुढच्या महिन्यात फ्रीनोडच्या नव्या चालकांनी सर्व्हरची प्रणाली बदलली आणि जुन्या नोंदी नव्या व्यवस्थेत आणल्या नाहीत. वर्षानुवर्षे जपलेली नावे मोकळी झाली. परवलीचा शब्द ठाऊक असूनही तो ताडून पाहणारी नोंदवहीच उरली नाही. १९९४ च्या प्रश्नोत्तरांतील ते वाक्य सत्तावीस वर्षांनंतर अनपेक्षित अर्थाने खरे ठरले. माणसांना जी मालकी वाटत होती, ते नोंदवही बाळगणाऱ्याच्या मर्जीवरचे कूळपण होते.

तरीही इतिहास येथे संपवणे अपुरे होईल. विस्थापित झालेल्या समूहांनी नव्या जाळ्यावर जाऊन आपापली नावे पुन्हा नोंदवली. दुसऱ्या कोणी आधीच एखादे नाव बळकावले असेल, तर खरा धारक कोण हे ठरवण्यासाठी पुन्हा जुन्याच साधनांकडे जाणे भाग होते : कोण कोणाला ओळखतो, कोणाचे बोलणे कोणासारखे आहे, इतरत्र कोणाच्या नावे काय लिहिलेले आहे. नोंदवही नाहीशी झाल्यावर उरला तो वाचणारा समूह. अभंगाची नाममुद्रा कुलुपावाचून शतकानुशतके टिकली, ती मिसळीसह टिकली हे खरे. पण ती टिकवणाऱ्यांत तिचे वाचन करणारेही होते. लेखकाच्या मृत्यूची चर्चा करताना आपण त्याच्या नावाच्या रखवालदारांचीही नोंद घेतली पाहिजे. त्यांच्यापैकी कोणाला संहिता वाचता येते आणि कोणाला फक्त शब्द ताडून पाहता येतो, हा भेद यापुढे समीक्षेला टाळता येणार नाही.