सायकलप्रवास आणि अंगावरचे वस्त्र

बेळगावहून निपाणीकडे जाणारा रस्ता काकती, हत्तरगी, संकेश्वर ही गावे मागे टाकीत तवंदीच्या घाटाने निपाणीत उतरतो. अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. मोटारीतून जाणाऱ्याला एवढ्या अंतरात कपड्यांचा विचार सहसा शिवत नाही. परंतु आईवडील व मुले मिळून सायकलींवरून याच रस्त्याने निघाली आणि पुढे कोल्हापूर, सातारा गाठण्याचा त्यांचा बेत असला, तर चाकांच्या आधी वस्त्रांचा प्रश्न उभा राहतो. कोणते वस्त्र साखळीत सापडणार नाही, कोणते घामाने अंगाला चिकटणार नाही आणि कोणते चारचौघांत शोभेल, हे तिन्ही ठरवावे लागते. प्रश्न घरगुती दिसतो. पण त्यामागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात बेळगावचे स्थान मानाचे आहे.

सारख्या आकाराची दोन चाके आणि मागील चाकाला फिरविणारी साखळी, हे सायकलीचे आजचे रूप इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली सिद्ध केले. १८८८ साली डनलॉपने हवेच्या रबरी धावेचे पेटंट घेतले. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभही १८८८ सालचाच मानला जातो, आणि तो झाला बेळगावातील सायकलीच्या दुकानातून. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे वडील बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी हे सारे पुढचे.

ही नवी गाडी ज्या मंडळींच्या हाती आली ती धोतर नेसणारी होती. सायकलीची साखळी उजव्या बाजूस असते. धोतराचा सोगा सुटला की तो तिच्या दात्यांत ओढला जाई. यावर तोड साधी निघाली. सोगा वर कमरेला खोवावा आणि उजव्या घोट्याशी पोलादी क्लिप लावावी. विजारवाल्यांनी तीच क्लिप उचलली, आणि पायघोळ झगा घालणाऱ्या पाद्र्यांनीही सायकलीवर बसताना झगा आवरून घेतला. पुरुषांच्या वस्त्राचा प्रश्न असा एका क्लिपेने सुटला. स्त्रियांच्या वस्त्राचा मात्र तसा सुटला नाही.

इंग्लंडात लांब घेराचे झगे सायकलीला अडचणीचे होऊ लागले, तेव्हा काही स्त्रियांनी सैल विजारी घालण्याचा आग्रह धरला. त्यांतील अग्रणी लेडी हार्बर्टन ही १८९८ साली सरे परगण्यातील एका हॉटेलात अशा वेषात गेली असता तिला मुख्य दालनात बसू देण्याचे नाकारण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १८९९ साली निकाल हॉटेलच्या मालकिणीच्या बाजूने लागला. स्त्रीचे वस्त्र बदलण्यापेक्षा सायकल बदलणे समाजाला सोपे वाटले. मधली दांडी खाली वाकली, साखळीवर पेटी बसली, मागील चाकावर जाळी आली. ‘लेडीज सायकल’ जन्मली ती अशी.

त्याच काळात फॅनी बुलक वर्कमन आणि तिचे पती विल्यम हे अमेरिकन दांपत्य सायकलीवरून हिंदुस्थान हिंडत होते. त्यांच्या प्रवासग्रंथाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. पण त्यांची मुलगी या भ्रमंतीत बरोबर नसे. ती युरोपात इतरांच्या देखरेखीखाली राही. पतिपत्नींनी मिळून दूरचा पल्ला गाठला, तरी सहकुटुंब प्रवास अजून व्हायचाच होता.

इकडे महाराष्ट्रात आणि सीमाभागात परिस्थिती अगदी उलट होती. दोन्ही पाय मोकळे ठेवणारे वस्त्र येथे आधीच घरोघर होते. काष्ट्याच्या लुगड्याने शेतात वाकता येई, घाट चढता येई. सायकलही चालविता आली असती. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत सुशिक्षित घरांतून काष्टा मागे पडून गोल पातळ रूढ होऊ लागले. त्यावर पुष्कळ वादही झाले. गोल नेसणे हे सुधारणेचे चिन्ह ठरले, आणि सायकल हेही सुधारणेचेच चिन्ह होते. पण ही दोन चिन्हे एकमेकींच्या आड आली. ज्यांच्या वस्त्राला सायकल मानवली असती त्यांच्यापाशी ती घेण्यास पैसा नव्हता. ज्यांच्या घरी सायकल आली त्यांनी काष्टा सोडला होता. पुढे शाळकरी मुली सलवार-कमीज घालून सायकलीवर बसू लागल्या, तेव्हा दोन पायांना दोन वाटा देणारे वस्त्र निराळ्या नावाने परत आले.

वस्त्राला केवळ सोयीचाच अर्थ असतो असे नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांड्यांचे हुदली गाव पुढे खादीचे केंद्र म्हणून नावारूपास आले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव व निपाणी मुंबई राज्यातून वेगळी झाली, तरी इरकली लुगडे आणि खणाची चोळी मराठी व कानडी दोन्ही घरांत तशीच राहिली.

कुटुंब घेऊन निघणाऱ्याला या इतिहासातून आणि इथल्या हवेतून काही गोष्टी घेता येतात. बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील पहाट बोचरी, दुपार तापलेली. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. ते एकेक उतरविता येतात. सुती कापड घाम टिपते, पण भिजल्यावर गारठते. चढ संपताच ओला बनियन बदलूनच तवंदीचा उतार धरावा. लोकर भिजली तरी ऊब देते, हे धनगराच्या घोंगडीने फार पूर्वी सिद्ध केले आहे. मात्र लोंबणारे टोक चाकात जाते, म्हणून सायकलीवर घोंगडीची खोळ नको, अंगाबरोबरचा लोकरी सदरा हवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत सहज विसरली जाते. पायडल मारणारा बाप घामाघूम होतो, आणि त्याच वेळी मागे कॅरिअरवर स्वस्थ बसलेले मूल वाऱ्याने काकडते. बापाने आपल्या अंगावरून मुलाचे वस्त्र ठरवू नये. चढ लागला की स्वतःचा कपडा काढावा आणि तो मुलाच्या अंगावर घालावा.