मांडव कोणाचा?

२७ डिसेंबर १९०७. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात लाल कातड्याचा एक टोकदार मराठी जोडा व्यासपीठाकडे भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि फिरोजशहा मेहतांनाही. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. जहाल आणि मवाळ यांचे भांडण वरवर होते ते अध्यक्ष कोण असावा आणि कलकत्त्याला मंजूर झालेले स्वदेशी, बहिष्काराचे ठराव सौम्य केले जाणार का, याचे. एवढ्यावरून शिकलीसवरलेली माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जात नाहीत. त्या जोड्याचा माग काढत गेलो, तर आपण पुण्यात येतो, तेही वीस वर्षे मागे.

टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले होते. पाच वर्षांनी आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. मतभेद सामाजिक सुधारणेचा होताच; पण दोघांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतला तंटा आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही, यावरही होता. तत्त्वाचे आणि व्यवहाराचे भांडण एकमेकांत असे मिसळले की कोण कशासाठी रागावला आहे, हे त्यांनाही नीट सांगता आले नसते. शहर लहान, शाळा एक, मित्र तेच, आणि दोघांच्याही हातात साप्ताहिक. दर आठवड्याला उत्तर द्यायचे, आणि तेही गावासमोर. असे चालले की माघार घेणे अवघड होत जाते.

पुढे सरकारचे संमतिवयाचे बिल आले. शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याचे वय दहावरून बारावर न्यायचे, एवढाच त्याचा मुद्दा. लग्नाच्या वयाला त्यात हात लावलेला नव्हता. कलकत्त्यात फुलमणी दासी ही अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. तरीही पुण्यात क्रीडाभुवनातली सुधारकांची सभा उधळली गेली. ‘केसरी’ने बिलाला कडाडून विरोध केला. आणि त्याच टिळकांनी १८९० मध्ये सुधारकांपुढे अशी सूचना ठेवली होती की मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करणार नाही, असे पुढाऱ्यांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावे. म्हणजे त्यांचा आकडा बिलातल्या आकड्यापेक्षा चढा होता!

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. मुलीचे लहानपण सांभाळावे, यावर अंतर फार नव्हते. ते कोणी सांभाळावे, परक्या सरकारने की आपल्या समाजाने, यावर होते. हा प्रश्न खरा होता आणि तो शांतपणे बोलता आला असता. पण तो ‘आमचा कोण आणि सरकारचा कोण’ असा मांडला गेला. माणसाचे मत बदलता येते. तो आपला नाही असे एकदा ठरले की त्याने काय म्हटले, याला किंमत उरत नाही. या भांडणात ज्या मुलींचे आयुष्य पणाला लागले होते, त्यांना कोणीच काही विचारले नाही. याचा राग मला आजही येतो.

१८९५ मध्ये काँग्रेस पुण्यात भरली. काँग्रेसच्याच मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरवायचा प्रघात होता. या वेळी विरोधक म्हणाले, वर्गणी सगळ्या लोकांची, मांडव सुधारकांना द्यायचा नाही. दिलाच तर जाळून टाकू. रानड्यांनी परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात हलवली. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली आणि पुढच्या वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. पुण्यात दोन सभा झाल्या, आणि एका सभेतल्या माणसाला दुसरीकडे जाण्याचे कारण राहिले नाही. सुरतेला जमलेले अनेक लोक याच सवयीत वाढलेले होते.

त्या गोंधळातली एक नोंद मात्र विसरू नये. जमाव टिळकांच्या अंगावर येऊ लागला तेव्हा त्यांना वाचवायला हात पसरून आडवे उभे राहिले ते गोखले. इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनी हे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले आहे. समोरच्याची मते वर्षानुवर्षे खोडून काढणाऱ्या माणसाने हे केले, कारण तो समोरच्याला ओळखत होता.

सुरतेनंतर टिळक सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात होते. काँग्रेसचे दोन्ही पक्ष १९१६ मध्ये लखनौला पुन्हा एकत्र आले. गोखले आणि मेहता आदल्या वर्षीच गेले होते. आणि ज्या मुलींवरून पुण्यात भांडण पेटले होते, त्यांच्या लग्नासाठी टिळकांनी जे सोळा वर्षांचे वय सुचवले होते, ते पुढच्या शारदा कायद्यानेही त्यांना दिले नाही. त्यात मर्यादा चौदाची होती. १९४९ मध्ये ती पंधरा झाली. सोळाच्या पुढे कायदा गेला तो १९७८ मध्ये.