खोडदला जाताना फोन बंद ठेवा

नारायणगाव म्हटलं की आमच्या खंडाळा तालुक्यातल्या जुन्या माणसांना तमाशाच आठवतो. गावच्या यात्रेसाठी फड ठरवायचा, तर कमिटीची दोन-चार माणसं पाडव्याच्या सुमारास तिकडे जाणार, राहुट्यांमधून फिरणार, तारीख जुळवणार आणि सुपारी देऊन परत येणार. त्याच नारायणगावापासून दहाएक किलोमीटरवर खोडद आहे. तिथे २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, दुसरीच एक जत्रा भरते. शाळांच्या बस, जीपा, मोटरसायकलवर तिघं-चौघं, डबे बांधून आलेली कुटुंबं. आणि मधोमध देव म्हणून उभ्या असतात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या जाळीच्या तबकड्या.

'अवकाश केंद्र बघायला जाऊ' म्हटलं की आपल्या डोक्यात श्रीहरिकोटा येतं. तिथे २०१९ पासून पाचेक हजार लोकांना बसून प्रक्षेपण बघता येईल अशी गॅलरी आहे, आणि जमलं तर जरूर जावं. पण खंडाळ्याहून ते हजार किलोमीटर. शिवाय रॉकेटचा इतिहास सगळ्यांना थोडाफार माहीत असतो. आपल्या पुणे-ठाणे पट्ट्याला अवकाशाशी जोडणारा जो इतिहास आहे तो उडण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. तो फारसा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात १९२७ पासून करू. त्या वर्षी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात रेडिओवरून तारा पाठवायची 'बीम' सेवा सुरू झाली. संदेश पाठवायचं केंद्र पुण्याशेजारी खडकीला आणि घ्यायचं केंद्र दौंडला. दोन्ही एकाच जागी का नाही? कारण साधं आहे: तुम्ही स्वतः जोरात ओरडत असताना दुरून आलेली हाक ऐकू येत नाही. बोलायची जागा आणि ऐकायची जागा वेगळी ठेवावी लागते. दौंड ही अशी ऐकायची जागा होती. पुढचं बरंच काही या एका नियमाभोवती फिरतं.

स्वातंत्र्यानंतर या गोष्टीत गोविंद स्वरूप येतात. उत्तर प्रदेशातले, अलाहाबादला शिकलेले. १९५०च्या दशकात ते ऑस्ट्रेलियात काम करत होते. तिथे सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथल्या सहा फुटी तबकड्या आता नको झाल्या होत्या. स्वरूपांनी खटपट करून अशा बत्तीस तबकड्या भारतासाठी मिळवल्या. सामान भारतात आलं, पण ते स्वतः पुढे अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली. १९६१ मध्ये त्यांनी आणि परदेशात काम करणाऱ्या आणखी तीन भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी रेडिओ खगोलशास्त्र सुरू करायचा प्रस्ताव पाठवला. होमी भाभांनी तारेने होकार कळवला. स्वरूप १९६३ मध्ये परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

१९६५ मध्ये त्या बत्तीस तबकड्या उभ्या राहिल्या त्या कल्याणला! आज लोकल पकडताना जिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही, त्या कल्याणच्या परिसरात तेव्हा इतकी शांतता होती की ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा रेडिओ-आवाज ऐकता येत होता. मला या सगळ्या इतिहासात कल्याण सर्वांत जास्त आवडतं. कुणाच्या तरी टाकाऊ मालातून एका देशाचं अख्खं शास्त्र सुरू झालं. पुढे १९७० मध्ये उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. त्या उताराचा कोन आणि तिथला अक्षांश दोन्ही साधारण अकरा अंश, त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर आला. असा डोंगर शोधत फिरलेल्या माणसांना सलाम.

दरम्यान नारायणगावजवळच आर्वीला १९७१ मध्ये एक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. सुमारे तीस मीटर व्यासाची अँटेना, हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड केलेली. परदेशी फोन, टेलेक्स यांची वाहतूक तिथून होऊ लागली. त्याआधी परदेशी फोन म्हणजे रेडिओलहरींच्या लहरीवर अवलंबून असलेला मामला. हे केंद्र उभारण्यामागे विक्रम साराभाई होते. त्याच वर्षी ३० डिसेंबरला ते गेले आणि केंद्राला त्यांचं नाव मिळालं. पुढे समुद्राखालच्या फायबर केबल आल्या आणि अशा भूकेंद्रांचं महत्त्व ओसरलं. तुमचा व्हिडिओ कॉल आज बहुतेक वेळा आकाशातून नाही, समुद्राच्या तळातून जातो.

खोडदची कल्पना १९८४ची. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. जागा निवडताना डोंगरांची आडोशाची भिंत, कमी रेडिओ-गोंगाट, पुण्याची सोय असं सगळं पाहिलं गेलं. नव्वदच्या दशकात तीस तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या आसपास आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, आजूबाजूच्या गावांच्या शिवारांतून. दोन टोकांमधलं अंतर पंचवीस किलोमीटर.

एका तबकडीचं क्षेत्रफळ कबड्डीच्या डझनभर मैदानांएवढं. एवढी भरीव पत्र्याची तबकडी करायची तर वजन आणि वारा यांनीच प्रकल्प बुडाला असता. म्हणून स्वरूपांनी भरीव तबकडी केलीच नाही. स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, तारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त, आणि ती ताणून धरणारे दोर. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. इथे ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी एकवीस सेंटिमीटर ते दोन मीटर, त्यामुळे त्यांच्या लेखी ही जाळी म्हणजे आरसाच. वारा मात्र आरपार निघून जातो. मी रोज कोड लिहितो, तिथे 'कमी खर्चात भागवलं' हे वाक्य सहसा माफी मागताना येतं. खोडदला ते अभिमानाने सांगता येईल.

आम्ही गेलो होतो पाचजण: आई, पप्पा, आत्या, मी आणि सातवीतली पुतणी. पहाटे खंडाळ्यातून निघालो, पुणे उजाडायच्या आत ओलांडलं. डब्यात चपात्या, मेथी आणि शेंगदाण्याची चटणी. मांढरदेवीला जाताना जशी तयारी असते, अगदी तशीच. मांडवात शाळेच्या पोरांचे प्रयोग होते, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी सगळ्यांत जास्त गर्दी खेचत होता. तबकडीपुढे उभं राहून आत्याने विचारलं, "यातनं दिसतंय काय रं?"

दिसत काहीच नाही. हे तिला सांगायला मला बराच वेळ लागला. प्रत्येक तबकडी जे ऐकते ते फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतं, तिथे प्रत्येक तबकडीचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येकीशी पडताळला जातो. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. त्या सगळ्या जोड्यांच्या हिशेबातून चित्र तयार होतं. आत्या म्हणाली, "म्हंजे तिसांनी ऐकायचं आन् एकानं लिहायचं." याहून सोपं मला आजही सांगता येत नाही.

इथे फोन बंद ठेवायला सांगतात. पुतणीला ते अजिबात पटलं नाही, रील करायची होती. मग गाडीत बसून आम्ही हिशेब केला. समजा चंद्रावर कुणी एक वॉटचा जुना टू-जी फोन चालू केला. पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त अंतर कापून तो सिग्नल इथे पोचेल तेव्हा, त्याच्या फ्रीक्वेन्सीवर, तो आकाशातल्या मोजक्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांमध्ये मोडेल. आणि ही दुर्बीण त्याच्या कोट्यवधीपट क्षीण गोष्टी ऐकायला बसवली आहे. तुमचा फोन तर चंद्रावर नाही, खिशात आहे.

या शांततेने काय मिळालं? १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेल्ली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा दुबळा सिग्नल खोडदला पकडला जात होता आणि उतरण्याच्या जरा आधी तो थांबला. यान कोसळलं होतं. २०२३ मध्ये पल्सारांच्या ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला, त्यातही खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता.

आता किंमत. आमच्या तालुक्यात महामार्गालगत शिरवळ, केसुर्डीला एमआयडीसी आली. घरटी एखादा तरी पोरगा तिथे कामाला आहे. जुन्नरच्या या भागात तसं सहज होत नाही, दुर्बिणीभोवती नवे उद्योग येण्यावर बंधनं आहेत. आणि गेल्या काही वर्षांत रेल्वेचा प्रश्न आला. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्गाची मूळ आखणी नारायणगाव परिसरातून जाणारी होती. तिच्यामुळे दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल असा आक्षेप निघाला आणि रेल्वे मंत्रालयाने मार्ग दुसरीकडून न्यायची भूमिका घेतली. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे नाराजी उसळली. टोमॅटो-द्राक्षं पिकवणाऱ्या माणसाने गाडी का सोडावी, हा प्रश्न रास्त आहे. पप्पांनी परतीच्या वाटेवर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकल्यावर तो फारच जोरात विचारला.

माझं मत असं की दुर्बीण हलवता येणार नाही, आणि ती बिघडू देणं वेडेपणाचं ठरेल. पण शांतता ही जर देशाची गरज असेल, तर तिचं भाडं एकट्या जुन्नर तालुक्याने का भरायचं? रस्ता, दवाखाना, शेतमालाची प्रक्रिया, जे गोंगाट न करता देता येतं ते तरी इथे सगळ्यांत आधी यायला हवं. वर्षातून एका दिवसाची जत्रा म्हणजे ते भाडं नव्हे, कितीही छान असली तरी.

जगाची पुढची मोठी रेडिओ दुर्बीण, स्क्वेअर किलोमीटर ॲरे, या भांडणातून मोकळी आहे. तिच्या तबकड्या आणि अँटेना दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड माळावर उभ्या राहतायत. भारत २०२४ मध्ये त्यात रीतसर सामील झाला, साडेबाराशे कोटींची तरतूद करून. ती दुर्बीण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे, जीएमआरटी चालवणारी संस्था आणि शहरातल्या सॉफ्टवेअर कंपन्या मिळून. पुतणी आता मला दर महिन्याला विचारते, तू त्या कंपनीत का नाहीस.